घट

लेमॉन्ट, इलिनॉय. फेब्रुवारी. रात्रपाळी.

कुंपणाआडच्या रानात पांढरी हरणं आहेत.
बर्फात उभी राहिली की नुसते डोळे उरतात.
लोरेन वोयचिक म्हणते, मोजायची असतील
तर ती हलेपर्यंत थांबावं लागतं.
तीस वर्षं ती इथे द्रव नायट्रोजन भरते आहे,
हातमोज्यांवरची तिच्या नावाची अक्षरं
पुसत आलेली.

आम्ही तरी वेगळं काय करतो?
कथलाचा एक आयन,
एकशे तेहतीस कणांचं गाठोडं,
चुंबकाच्या पोटात सोडतो आणि फिरू देतो.
जड तो हळू फिरतो. एवढाच आमचा तराजू.
त्याचं आयुष्य दीडएक सेकंद,
तेवढ्यात वजन सांगून जायचं.

बाबा असते तर हसले असते.
"कथील? सोनाराच्या लेकीनं
कल्हईवाल्याचा धातू तोलायला
एवढ्या लांब जायचं?"
कराडच्या पेठेत त्यांचा काटा काचेच्या पेटीत असे.
तोलताना पंखा बंद,
माझा श्वाससुद्धा बंद.
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा,
हे मला पाढ्यांच्या आधी पाठ.

इथला काटा असा, की
हत्तीच्या पाठीवर कुणी अर्धी गुंज ठेवली
तरी कुरकुरेल.
समोरच्या पारड्यात आम्ही सीझियम ठेवतो,
तेही एकशे तेहतीसच.
मणी तितकेच, पण कथील जड भरतं.
आणि हे कथील विझत विझत,
पाच पायऱ्या उतरून,
शेवटी सीझियमच होणार असतं.
म्हणजे रोज रात्री आम्ही एका पोराला
त्याच्याच म्हातारपणाशी तोलतो,
आणि म्हातारपण हलकं निघतं.

एकदा मिरजकर बाई पाटल्या घेऊन परत आल्या,
दुसऱ्या पेढीवर तोलून. दोन गुंजा कमी.
दुकानात तेव्हा लग्नाचं गिऱ्हाईक बसलेलं.
बाबा म्हणाले, घट आहे बाई ती.
आगीत जाते, कानशीत जाते,
सांधा बसायचा तर काहीतरी जातंच.
बाई म्हणाल्या, कुठे जातं ते ठाऊक आहे आम्हाला.
संध्याकाळी झारेकरी आला,
राखेचे पैसे मोजून पोतं उचलून गेला.
बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.
दुसऱ्या दिवशी दोन गुंजा
स्वतःच्या डबीतून भरून दिल्या.

सुटे कण तोलावेत, मग गाठोडं तोलावं.
गाठोडं नेहमी कमी भरतं.
चोर नाही कुणी.
हे एक वाक्य मी बाबांना
वेळेवर सांगू शकले नाही, तेव्हा मी नऊ वर्षांची होते
आणि पाटल्यांपेक्षा मला
बाईंच्या छत्रीची मूठ जास्त आवडली होती.

ब्याऐंशीवा न्यूट्रॉन आत येताना
सव्वासातच्या वर मोजून आला, आणि दार लागलं.
त्र्याऐंशीव्याने जेमतेम अडीच दिले,
तो ओसरीवरच राहिला.
दोन, आठ, वीस, अठ्ठावीस, पन्नास, ब्याऐंशी:
जादूचे आकडे म्हणतात यांना.
एवढ्या शहाण्या माणसांना
दुसरा शब्द सुचला नाही.
आणि म्हणे दूरच्या, फार लठ्ठ अणूंत
जुनी दारं निखळतात,
भलत्याच आकड्याला नवी बसतात.
कुठे ते विचारून कळत नाही,
एकेक तोलूनच कळतं.

चार वाजून दहा मिनिटं. एकोणीस आयन.
लोरेन विचारते, बरोबर आलं?
मी म्हणते, कमी आलं.
जितकं यायला हवं तितकं कमी.
ती थर्मासचं झाकण फिरवते, खिडकीशी जाते,
गाड्यांपलीकडे काहीतरी हललं म्हणते.

मी वहीत आकडा लिहिते,
आठव्या दशांशापर्यंत,
आणि त्याच्यापुढे, कंसात, माझी चूक किती असू शकेल ते,
मिरजकर बाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल
एवढ्या मोठ्या अक्षरात.